क्रोमपेटचा हिशेब



कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या घाणीचा विषय निघाला की आपल्याकडे ताबडतोब दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कारखाने बंद करा. दुसरा विचारतो, मग लोकांनी खायचं काय? आज मला या दोघांच्या मधल्या एका वाटेची गोष्ट सांगायची आहे. कारखान्यातली कामाची पद्धत सुधारून घाण मुळातच कमी करायची, अशी ती वाट. ती कुठपर्यंत नेते आणि कुठे संपते, हे पाहायला मी तुम्हाला चेन्नईला नेणार आहे. या शहराच्या परिसरात या प्रश्नाची शंभराहून अधिक वर्षांची नोंद सलग सापडते.

चेन्नई बीचहून तांबरमकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसा. विमानतळाजवळचं तिरुसूलम गेलं की पल्लावरम येतं आणि त्यानंतर क्रोमपेट. 'पेट' म्हणजे पेठ. आपल्याकडे शनिवार पेठ, रविवार पेठ, तशी ही क्रोमची पेठ. एका रसायनाचं नाव लागलेली रेल्वे स्टेशनं देशात फार नसतील. सेंट थॉमस माउंटचं लष्करी प्रशिक्षण केंद्र इथून जवळच आहे. आज त्याला ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी म्हणतात, आमच्या वेळी ते ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल होतं. तिथल्या परेड ग्राउंडवर आम्ही जे बूट घासूनपुसून चमकवायचो, त्यांचं चामडं आणि हे स्टेशन यांचं नातं जुनं आहे.

सुरुवात कातड्यापासून करू. जनावराचं कच्चं कातडं तसंच ठेवलं तर सडतं. ते सडू नये, टिकावं, मऊ राहावं म्हणून त्यावर जी प्रक्रिया करतात तिला आपण 'कमावणं' म्हणतो. महाराष्ट्रात हे काम ढोर समाजाने पिढ्यानपिढ्या केलं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्यावरच कोल्हापुरी चपलेचं नाव झालं. मद्रासकडे तरवडाची साल वापरत. तमिळमध्ये तिला आवारम म्हणतात. या सालीत कमावून वर हिरड्याचा हात दिलेलं मद्रासचं चामडं एकोणिसाव्या शतकात 'ईस्ट इंडिया लेदर' या नावाने जगभर जात होतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या बुटांसाठी याच चामड्याची खरेदी सरकारने आपल्या ताब्यात घेतली होती.

सालीच्या कमावणीला आठवडेच्या आठवडे लागतात. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ मध्ये क्रोमियमचे क्षार वापरून कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. मद्रासमध्ये हे तंत्र आणलं आल्फ्रेड चॅटरटन या इंजिनीअरिंगच्या इंग्रज प्राध्यापकाने. १९०३ च्या सुमारास त्याने प्रयोग सुरू केले. त्याच्या डोळ्यांसमोर मुख्यतः शेतकऱ्याची मोट होती. विहिरीचं पाणी उपसणारी चामड्याची मोट सतत भिजून लवकर खराब व्हायची, आणि क्रोमचं चामडं पाण्यात जास्त टिकतं. म्हणजे या रसायनाने मद्रासच्या शेतीत पाऊल टाकलं ते विहिरीच्या मदतीसाठी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच विहिरींचं काय झालं ते मी सांगणार आहे.

सरकारी पैशाने असे उद्योग चालवणं लंडनला रुचलं नाही. १९१० मध्ये भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांनी तसा आदेश काढला आणि सरकारला या धंद्यातून अंग काढून घ्यावं लागलं. तंत्र मात्र मागे राहिलं. पल्लावरमजवळ क्रोम लेदर कंपनी उभी राहिली, तिच्याभोवती वस्ती वाढली आणि वस्तीचं नाव पडलं क्रोमपेट. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अड्यार भागात केंद्रीय चर्म संशोधन संस्था, म्हणजे सीएलआरआय, सुरू झाली. डॉ. यलवर्ती नायुडम्मा यांनी ती नावारूपाला आणली. १९८५ च्या कनिष्क विमानाच्या घातपातात आपण त्यांना गमावलं.

यानंतरचं वळण दिल्लीत घेतलं गेलं. १९७२ मध्ये सीतारामय्या समितीने सांगितलं की कच्चं आणि अर्धकच्चं चामडं बाहेर पाठवून फायदा परदेशाला का द्यायचा? तयार चामडं, तयार बूट पाठवा. १९७३ पासून कच्च्या कातड्यांच्या निर्यातीवर निर्बंध आले. देशाच्या तिजोरीच्या आणि रोजगाराच्या दृष्टीने धोरण बरोबर होतं. पण चामडं तयार करण्याचे जे शेवटचे टप्पे पूर्वी युरोपात होत, ते त्यांच्या रसायनांसकट आता आपल्या नद्यांच्या काठी आले. चेन्नईपासून पश्चिमेला पालार नदीच्या खोऱ्यात राणीपेट, आंबूर, वाणियंबाडी ही गावं टॅनऱ्यांनी भरली. निर्यातीचं बंदर चेन्नई, संशोधन चेन्नईत, आणि पुढे खटल्यांची कचेरीही चेन्नईतच.

आता एका टॅनरीच्या आत जाऊ. मी फौजेतला माणूस आहे, त्यामुळे हिशेब क्वार्टरमास्टरच्या लेजरच्या भाषेत मांडतो. स्टोअरमधून जे निघालं ते कुठेतरी जमा दिसलं पाहिजे. इश्यू एवढा, वापर एवढा, शिल्लक एवढी. ताळा जुळला नाही तर कोर्ट ऑफ एन्क्वायरी बसते.

मिठात मुरवलेली एक टन कच्ची कातडी घ्या. त्यातून तयार चामडं निघतं साधारण दोनशे ते अडीचशे किलो. बाकीचं केस, चरबी, मांस, कातरण, मीठ अशा रूपांत बाहेर जातं. प्रत्येक किलो कातड्याला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. आता क्रोम. मोठ्या लाकडी ड्रममध्ये कातडी क्रोमच्या द्रावणात फिरवतात. समजा स्टोअरमधून शंभर किलो क्रोम दिलं. जुन्या पद्धतीत त्यातलं साठ-सत्तर किलोच कातड्याला लागतं. उरलेले तीस-चाळीस किलो पाण्याबरोबर गटारात.

रायफलच्या शंभर गोळ्या इश्यू झाल्या आणि पस्तीसचा हिशेब लागेना, असं एखाद्या युनिटमध्ये झालं तर काय होईल, याची कल्पना करा. टॅनरीत मात्र हे रोज होत होतं आणि कुणी विचारत नव्हतं. कारण क्रोम विकत घेण्याची रक्कम वहीत चढत होती, पण ते वाहून गेल्याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. ती नोंद होत होती शेजारच्या शेतात.

ही वही उघडली ती न्यायालयाने. १९९१ मध्ये वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम ही नागरिकांची संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ ऑगस्ट १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्या निकालात आलेले आकडे आजही वाचवत नाहीत. तमिळनाडूच्या पाच जिल्ह्यांत मिळून नऊशेहून अधिक टॅनऱ्या होत्या. टॅनऱ्यांच्या पट्ट्यात सुमारे ३५,००० हेक्टर जमीन अंशतः किंवा पूर्णतः नापीक झाली होती. दिंडिगलकडच्या तेरा गावांच्या पाहणीत ४६७ पैकी ३५० विहिरी दूषित निघाल्या. ज्या विहिरींची मोट टिकावी म्हणून क्रोमचं चामडं आणलं, त्या विहिरींचं पाणी पिण्याजोगं उरलं नाही.

कायद्याचे विद्यार्थी हा निकाल दोन तत्त्वांसाठी अभ्यासतात. धोक्याची पूर्ण खात्री होईपर्यंत थांबायचं नाही, आधीच काळजी घ्यायची, हे एक. ज्याने घाण केली त्याने भरपाई द्यायची, हे दुसरं. न्यायालयाने प्रत्येक टॅनरीला दहा हजार रुपये दंड लावला, सांडपाणी शुद्धीकरणाची सोय करायला मुदत दिली, नुकसान मोजायला स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं आणि मद्रास उच्च न्यायालयात यासाठी खास 'ग्रीन बेंच' असावं असं सुचवलं.

टॅनऱ्यांनी काय केलं? बहुतेकांनी सरळ मार्ग धरला. अनेकांचं सांडपाणी एका जागी आणून शुद्ध करणारे सामाईक प्रकल्प उभे राहिले. त्यांची गरज होतीच आणि आजही आहे. पण नीट पाहा, यात कारखान्याच्या आतलं काही बदलत नाही. ड्रम तोच, क्रोमचं माप तेच, वाया जाणारे पस्तीस किलोही तेच. फक्त नळाच्या शेवटी एक चौकी बसली. चौकीवर अडवलेलं क्रोम नाहीसं होत नाही, त्याचा गाळ होतो. तो गाळ कुठेतरी साठवावा लागतो.

३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे राणीपेटमध्ये अशाच एका सामाईक प्रकल्पाच्या गाळाच्या टाकीची भिंत फुटली. शेजारच्या टॅनरीत झोपलेले दहा जण गाळाखाली गेले. मरणाऱ्यांत बहुतेक पश्चिम बंगालमधून पोट भरायला आलेले कामगार होते. त्याच राणीपेटमध्ये क्रोमियमची रसायनं बनवणारा एक कारखाना १९९० च्या दशकाच्या मध्यात बंद पडला आणि मागे दीड लाख टनांहून अधिक विषारी कचऱ्याचा ढीग ठेवून गेला. टॅनरीच्या ड्रममधलं क्रोम तुलनेने सौम्य असतं. या ढिगातलं क्रोम कर्करोग घडवणाऱ्या जातीचं आहे. पाऊस पडला की ते जमिनीत मुरतं.

म्हणजे नळाच्या टोकाला पहारा लावून भागत नाही. मग मूळ जागी काय करता येईल? यासाठी क्रोमपेट सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाडी या औद्योगिक भागात जाऊ. तिथली गोष्ट चामड्याची नाही, ब्रेकची आहे.

१९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट या शास्त्रज्ञाने एक साधा आलेख काढला. यंत्रातून निघणाऱ्या मालात फरक पडणारच. पण कुठला फरक नेहमीचा आणि कुठला काहीतरी बिघडल्याची खूण, हे तो आलेख दाखवतो. माल तयार झाल्यावर खराब नग वेचून फेकण्यापेक्षा खराब नग निघूच नये अशी प्रक्रिया सांभाळा, हा त्याचा अर्थ. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९४७-४८ मध्ये शूहार्टला भारतात बोलावलं होतं. म्हणजे हा विचार आपल्या दारात जपानच्याही आधी आला होता. जपानला तो १९५० मध्ये डेमिंगने शिकवला, आणि जपानने तो कारखान्याच्या शेवटच्या कामगारापर्यंत नेला. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी सात प्रकारची नासाडी मोजली : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, नुसती ने-आण, अनावश्यक प्रक्रिया, साठा, कामगाराची वायफळ हालचाल आणि सदोष माल.

हाच विचार पन्नास वर्षांनी भारतात परत आला तो पाडीला. टीव्हीएस समूहाच्या सुंदरम-क्लेटन या ब्रेक बनवणाऱ्या कंपनीला १९९८ मध्ये डेमिंग पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारी ही पहिली भारतीय कंपनी. २००२ मध्ये तिला जपान क्वालिटी मेडल मिळालं. चेन्नईच्या आणखी काही कारखान्यांनी तोच रस्ता धरला, आणि २००३ मध्ये आपल्या महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागालाही डेमिंग मिळालं.

आता ओनो यांची यादी पुन्हा आठवा. सातांमध्ये धूर नाही, सांडपाणी नाही, गाळ नाही. ती यादी पैशाची नासाडी शोधायला केलेली होती. तरीही तिच्यातून पर्यावरणाचा फायदा होतो, कारण सदोष नग म्हणजे दोनदा जाळलेलं इंधन आणि दोनदा वापरलेलं पाणी. अमेरिकेतल्या ३एम कंपनीने १९७५ मध्येच 'प्रदूषण टाळणं फायद्याचं' या अर्थाची मोहीम काढून हे नातं उघड केलं. कचरा म्हणजे आपणच पैसे देऊन आणलेला आणि चुकीच्या जागी गेलेला माल, असं पाहायला शिकणं, हा सगळ्या पद्धतींचा गाभा आहे.

ही नजर घेऊन पुन्हा टॅनरीत या. चेन्नईच्या चर्म संशोधन संस्थेने आणि १९९० च्या दशकात इथे काम केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेने ज्या सुधारणा दाखवल्या, त्यांतल्या काही इतक्या साध्या आहेत की हसू येईल. कातडी मिठात मुरवून येतात. ती तशीच पाण्यात टाकली की सगळं मीठ पाण्यात, आणि मीठ पाण्यातून काढणं सगळ्यांत महाग. मग आधी काय करायचं? एका लाकडी चौकटीवर कातडं आपटून सुटं मीठ झाडून घ्यायचं. बस. यंत्र नाही, वीज नाही.

दुसरी सुधारणा वापरलेल्या क्रोमच्या पाण्याची. हे पाणी इतर सांडपाण्यात मिसळू द्यायचं नाही, वेगळं धरायचं. त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड घातलं की क्रोम तळाशी बसतं. वरचं पाणी काढून घ्यायचं आणि तळाचं क्रोम गंधकाम्लात विरघळवून पुन्हा ड्रममध्ये वापरायचं. हरवलेले पस्तीस किलो स्टोअरला परत जमा. तिसरी सुधारणा म्हणजे मुळातच जास्त क्रोम कातड्यात शिरेल अशी प्रक्रिया. संस्थेने अलीकडे क्रोम कमावणीच्या टप्प्यात पाणीच लागू नये असं तंत्रही काढलं आहे.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. मालकाचं क्रोम वाचतं, नदी वाचते, सगळे खूश. अनेक व्याख्यानं इथेच संपतात. पण मग ३० जानेवारी २०२५ चा दिवस कसा समजावून सांगायचा? त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने पालारच्या प्रदूषणावर पुन्हा निकाल दिला, भरपाई द्या म्हणून पुन्हा बजावलं आणि देखरेखीसाठी समिती नेमायला सांगितलं. पहिल्या निकालाला तोवर अठ्ठावीस वर्षं झाली होती. पहिल्या निकालाच्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर कमावतं झालं असेल.

माझ्या मते याची कारणं दोन. पहिलं, या पद्धती दर नगामागची नासाडी मोजतात आणि नदीला एकूण घाण सोसावी लागते. प्रत्येक कातड्यामागे निम्मं क्रोम वाचवलं आणि कातडी दुप्पट केली, तर कंपनीचा आलेख खाली जातो आणि नदीची स्थिती तिथेच राहते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. क्रोम महाग आहे, म्हणून ते परत मिळवण्यात मालकाला रस असतो. मीठ स्वस्त आहे. ते वाचवून त्याच्या पदरात काही पडत नाही. पण विहीर खारी होते ती मिठानेच. स्वतःच्या फायद्यासाठी चालणारी सुधारणा जिथे फायदा संपतो तिथे थांबते. तिथून पुढे नेणारं कुणीतरी बाहेरचं लागतं : कायदा, न्यायालय, पाण्याचे नमुने तपासणारी यंत्रणा, किंवा गावकरी.

चेन्नईचा इतिहास हाच क्रम दाखवतो. झाडून मीठ काढायची युक्ती शोधायला मोठं विज्ञान लागलं नाही. पण निकालाचा दट्ट्या येईपर्यंत फारच थोड्यांना तिची आठवण झाली. आणि निकालानंतर जिथे नुसता दट्ट्या होता, कारखान्याच्या आतली पद्धत बदलली नाही, तिथे गाळाच्या टाक्या भरत गेल्या. दोन्ही पाय लागतात.

हे फक्त तमिळनाडूचं दुखणं आहे असं समजू नका. तिरुपूरच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांमुळे नोय्यल नदी खारावली आणि २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने ते बंद करण्याचा आदेश दिला. सुती कापडाच्या रंगाईतही मीठच लागतं. आता तिरुपूरच्या जागी इचलकरंजी आणि नोय्यलच्या जागी पंचगंगा ठेवा. महाराष्ट्रात, बेळगावकडे, गुजरातेत, जिथे कुठे तुम्ही हे ऐकत किंवा वाचत असाल, तुमच्या आसपास एखादी अशी नदी नक्की आहे.

म्हणून तिथल्या कारखान्याला भेट द्यायचा योग आला, तर स्वागतकक्षातल्या प्रमाणपत्रांपाशी थांबू नका. तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी कोणतं रसायन किती टन आत आलं आणि मालाबरोबर किती बाहेर गेलं? जे मालाबरोबर गेलं नाही ते आज नेमकं कुठे आहे? आणि आकडा दर नगाचा सांगताय की एकूण? पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्टोअरकीपरकडे असतं. दुसऱ्याचं उत्तर जो माणूस तुम्हाला हात धरून दाखवील, तो कारखाना चांगल्या हातात आहे असं समजा. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी थोडी शांतता पसरेल. ती पसरू द्या, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.